शेडच्या दाराची कडी

शांतवन मिस्त्री गेल्याची बातमी मला कोणी आणून दिली नाही. भरदुपारी शेडचं दार मीच उघडलं. गाडीची भट्टी चालू होती आणि मिस्त्री चाकाला टेकून बसले होते, पाना मांडीवर... मला वाटलं, डुलकी लागली असेल. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी नगरच्या एका मोटार सर्व्हिसमधला कारकून. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा आमच्या गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसल्या आणि इंजिनं त्यांच्या वायूवर चालू लागली. हा वायू मोठा कपटी. दिसत नाही, वास येत नाही. कुठे गळती लागली की आधी डोकं जड होतं, आणि मग झोपलेला माणूस उठत नाही. मिस्त्रींनी यावर स्वतःचा इलाज काढला होता. गाडी परत आली की ड्रायव्हरला शेडच्या ओट्यावर बसवायचे, चहा पाजायचे आणि विचारायचे, "डोकं कसं हाय?" पारनेरच्या चढाला दुखलं म्हणाला, की कुठला सांधा सुटलाय ते त्यांना नेमकं कळायचं. भट्टीला लावलेली काथ्याची गाळणीही अशाच गप्पांतून निघाली. ती एका क्लीनरला सुचली होती, आणि मिस्त्री हे दहा जणांना आवर्जून सांगत. थोरले मालकही त्या ओट्यावर येऊन बसायचे. मी चेष्टेनं त्याला मिस्त्रींचा दवाखाना म्हणायचो.

थोरले मालक अंथरुणाला खिळले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. माणूस वाईट नव्हे, पण शिस्तीचं फार वेड. त्यांना ओट्यावर नुसती रिकामटेकडी माणसं दिसली. त्यांनी छापील चिठ्ठी काढली : ब्रेक, टायर, दिवे, इंजिन. ड्रायव्हरनं ती भरून माझ्या खिडकीत द्यायची, शेडकडे फिरकायचं नाही. कोणी आत शिरू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घालायची, आणि ते काम माझ्याकडे आलं.

मिस्त्री याबद्दल एकदाच बोलले. "भाऊसाहेब, गाडीचं समदं लिवलंय. मानसाचं कुटं लिवायचं?"

मालकांच्या कानावर घालतो, असं मी म्हणालो. घातलं नाही. मालक त्या दिवशी चिडलेले होते, दुसऱ्या दिवशीही होते... आणि मला नोकरी प्यारी. पुढे त्या दुपारी मिस्त्री म्हणाले, भट्टी पेटवून बघायचीय, दार उघडं राहू द्या. हुकूम आहे, असं सांगून मी कडी घातली. त्या गाडीच्या ड्रायव्हरचं डोकं आठ दिवस दुखत होतं, हे मला दफनाच्या वेळी कळलं.

मालकांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी चिठ्ठीत नवा रकाना छापून घेतला, 'डोके'. परवा पारनेरच्या गाडीचा ड्रायव्हर नळापाशी ओकताना मी पाहिला. तोंड धुऊन तो खिडकीत आला. रकान्यात त्यानं 'ठीक' लिहिलं होतं. खरं काय ते सांग, असं मी हळूच म्हणालो. त्यानं आधी मालकांच्या खोलीकडे पाहिलं.

"ठीकच हाय, भाऊसाहेब. घरी लेकरं हायती."

मी सही केली. गाडी चार वाजता सुटली आणि दिवेलागणीला सुखरूप परत आली. ती तशी आली याचीच मला जास्त भीती वाटते, कारण आता तीच गाडी रोज जाते आणि रोज सही माझी लागते.