भिंतीवरच्या दोन दीर्घिका

बाळापूरच्या परवीनभाभींना पेंटर म्हणून कुणी ओळखत नाही. ओळखतात त्यांच्या नवऱ्याला, हुसेन पेंटरला, आणि तेही आता "होता एक" अशा सुरात. म्हणून हे लिहायला बसले.

मी तेव्हा पातूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. ती सालं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, त्यामुळे नवं दुकान काढायचं कुणाला सुचत नव्हतं, आणि ज्याला सुचायचं तो अकोल्याहून फ्लेक्स छापून आणायचा. पूर्वी दिवाळीआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवून घ्यायला हुसेनभाईंच्या दारात रांग लागायची. आता तिथे वाळलेले डबे होते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांचं मी डोकं खाल्लं, तेव्हा कुठे प्रयोगशाळेच्या भिंतीवर चित्र काढून घ्यायला ते तयार झाले. काम मी हुसेनभाईंना दिलं. चित्रही मीच निवडलं, एका मासिकातलं. मोठी सर्पिल दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा भोवरा, आणि तिच्या एका भुजेच्या टोकाशी लहानशी सोबतीण.

एका सकाळी शाळा भरायच्या आधीच मी प्रयोगशाळेत गेले. शिडीवर परवीनभाभी होत्या, हातात ब्रश. बुरखा घडी करून टेबलावर ठेवलेला. खाली हुसेनभाई उजवा हात काखेत दाबून उभे होते आणि "थोडं डावीकडे" म्हणून सांगत होते.

"मॅडम, हात कापून राहिला माहा," हुसेनभाई म्हणाले. "डॉक्टर म्हनते, कंपवात हाय. आखनी मी करतो कशीबी, रंग परवीन भरते. कोनाले सांगू नका. पेंटरचा हात गेला हे समजलं का कोनी दारात उभं करत नाही."

मी कशाला सांगते? पण चित्र पाहून बोलल्याशिवाय राहवलं नाही. दोन्ही दीर्घिकांच्या मधे त्यांनी स्वच्छ काळी पट्टी सोडली होती. छापील चित्रात तिथे एक धूसर पट्टा होता, तो हुसेनभाईंना शाई पसरल्यासारखा वाटला. बोर्ड रंगवणाऱ्याची सवयच ती. दोन अक्षरं एकमेकांना चिकटली की त्याचा जीव खालीवर होतो.

"हुसेनभाई, ती शाई नाही, तारे आहेत," मी म्हटलं. मग शिक्षकाच्या खोडीप्रमाणे सगळं सांगत बसले. लहानी मोठीच्या जवळून जाते, दोघी एकमेकींना ओढतात, मोठीची भुजा तिच्या दिशेनं ताणली जाते. मोठीच्या भुजा इतक्या रेखीव दिसतात, त्यातही लहानीच्या ओढीचा वाटा असावा असं शास्त्रज्ञ मानतात.

"अन् लहानीचं काय होते?" शिडीवरून परवीनभाभींनी विचारलं.

"तिचा आकार विस्कटतो."

त्यांनी पांढऱ्यात ब्रश बुडवला आणि काळी पट्टी पुसट करत गेल्या.

त्यांच्या धंद्यात शेवटचं काम म्हणजे कोपऱ्यात पेंटरचं नाव. तेही भाभी चित्राच्या उद्घाटनाच्या आधीच लिहून टाकणार होत्या. पण उत्तमरावांनी निरोप धाडला, "नाव उद्घाटनाला माझ्यासमोर लिहा, फोटो काढू." नाव नंतर लिहू म्हणून मी परोपरीनं सांगून पाहिलं. पण ऐकतील ते उत्तमराव कसले!

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर हुसेनभाईंनी ब्रश घेतला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. पहिलंच अक्षर लटपटलं, रंगाचा ओघळ भिंतीवरून खाली आला. पोरांमधून कुणीतरी खुदकन हसलं. त्यांनी दुसरं अक्षर सुरू केलं, तेवढ्यात परवीनभाभी बायकांमधून पुढे आल्या. नवऱ्याच्या बोटांतून ब्रश काढून घेतला, ओढणीनं ओघळ पुसला आणि नाव लिहिलं. हुबेहूब हुसेनभाईंच्या वळणाचं.

"म्हंजे चित्र बाईनंच काढलं का?" उत्तमराव म्हणाले. फोटो काही निघाला नाही.

हुसेनभाई म्हणाले होते तसंच झालं, पुन्हा कुणी त्यांना बोलावलं नाही. भाभींना एका अंगणवाडीची भिंत मिळेल म्हणून मी खटपट केली, पण तोवर हुसेनभाईंनी सगळे ब्रश भंगारवाल्याला देऊन टाकले होते. भाभी लोकांच्या शेतात निंदणीला, तण काढायला जाऊ लागल्या.

पुढच्या वर्षी मी बाळापूरला त्यांच्या घरी गेले. हुसेनभाई अंगणात भिंतीकडे तोंड करून बसले होते. आत चुलीपाशी भाभींनी सांगितलं की त्या दिवसापासून ते त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. भूक लागली की ताट वाजवतात. मला हुसेनभाईंचा संताप आला, खोटं कशाला बोलू.

"भाभी, तुम्ही तर त्यांची लाज राखली," मी म्हटलं.

"नाई मॅडम," त्या म्हणाल्या. "ते वाकडंतिकडं का होईना, लिहून मोकये झाले असते. लोक हासले असते. मंग घरी येऊन माह्यापाशी रडले असते. म्या तेवढंबी ठेवलं नाही त्याईले."

अंगणात ताट वाजलं. भाभी भाकर घेऊन उठल्या.