चोकची तार

आज सकाळी मोहालीत शेजाऱ्याच्या जुन्या गाडीतून कच्च्या पेट्रोलचा वास आला आणि मला शोभा आठवली. माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले.

मी फौजेत गाड्या दुरुस्त करायचो. चंदीगडला बदली झाली तेव्हा शोभा हट्टाने गाडी शिकली, बाजाराला एकटी जायची. त्या थंडीत गाडी झटके देऊ लागली, पेट्रोल दुप्पट पिऊ लागली. मी चार शेजाऱ्यांसमोर बोललो, "बाईच्या हातात दिली की असंच होणार. क्लचवर पाय ठेवून बसते."

"अहो, इंजिनाला कळतं का बाई बसलीय ते? उघडून तर बघा," ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

रविवारी बॉनेट उघडलं. प्लग काजळीने काळे झाले होते. थंडीत गाडी सुरू करताना जास्त पेट्रोल सोडणारा चोक नंतर पूर्ण बंदच होत नव्हता. त्याची तार मीच आखूड बांधली होती. गुपचूप नीट केली.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"प्लग गेले होते."

गाडी सुरळीत झाली. शोभाने किल्ली परत मागितली नाही आणि मीही दिली नाही. पुढची तीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून बाजाराला आली. तार माझी चुकली होती, एवढं मला तिला सांगता आलं नाही.