पंचावन्न किलोच्या आत

मुठा गावच्या हौसाबाईला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही. दिवसभर लोकांच्या फार्महाऊसवर स्वयंपाक करायचा आणि घरी आलं की समोर दिसेल त्याला खाऊ घालायचं. तिच्या हातचं खाऊन लेक अपेक्षा अशी काही उंच झाली, की दिवाळीला घेतलेली सलवार संक्रांतीला घोट्याच्या वर. शेजारणी म्हणाल्या, पोरगी आईच्या डोक्यावरून गेली, की बाई लगेच मीठमोहऱ्या ओवाळायची.

पण कबड्डीला वजनाची अट. अपेक्षाच्या गटात पंचावन्न किलोच्या वर चालत नाही आणि पोरगी अगदी काठावर. तालुक्याच्या संघात आली तर जिल्ह्याला खेळणार, म्हणून खेळाच्या सरांनी भात-भाकरी बंद करायला सांगितली. हौसाबाईनं आठवडाभर काकड्या चिरल्या. जीव नुसता टांगणीला.

आणि निवडीच्या दिवशी तिनंच घोळ घातला. चांगल्या कामाला जायचं म्हणून पहाटे लेकीला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. केस दाट, कमरेखाली रुळणारे, त्यात हवा ढगाळ. तशीच ओली वेणी घालून मैदानावर पोचल्या, तर काट्यावर दोनशे ग्रॅम जास्त.

"अर्धा तास थांबतो, मावशी," काट्यापाशी बसलेले पंच म्हणाले.

स्वतःला शिव्या घालत हौसाबाईनं वेणी सोडली. टॉवेलनं केस पिळले, पदरानं खसाखसा पुसले. पैंजण, कानातलं, गळ्यातला ताईत, सगळं काढून कनवटीला लावलं.

"आई, कुणाकडं कात्री हाय का बघ. कापून टाक."

"गप ऱ्हा. हलू नको."

पोरगी पुन्हा काट्यावर चढली. आकडा पुढंमागं झाला आणि बरोबर पंचावन्नावर थांबला. पंचांनी मान डोलावली. हौसाबाईला रडूच आलं.

अपेक्षा खाली उतरली. कोपऱ्यातल्या वडापावच्या गाडीकडं बघत तिनं हळूच विचारलं, "आई, आता खाऊ का मी?"

हौसाबाईनं वळून पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या घरात आजवर कुणाला असं विचारावं लागलं नव्हतं, दारच्या कुत्र्यालासुद्धा. आठवडाभर आपण काट्याचाच विचार केला, पोरीचं तोंड पाहिलंच नाही, याची तिला भयंकर लाज वाटली.

"खा," ती म्हणाली. "पोट भरस्तवर खा. आन् पुढच्या येळंला मोठ्या गटात खेळ. तितं न्हाई घेतलं तर न्हाई घेतलं. तू वाढ, बाळा."