प्लॅटिनममधले बाबा

मी इंग्लंडला निघाले त्या दुपारी आमची जीप मुरबाडला फोटो स्टुडिओसमोर थांबली. चार तास आधीच घर सोडायचं हा बाबांचा हट्ट आणि उरलेल्या वेळात त्यांचा फोटो काढायचा हा माझा. बाबा जीपमधून उतरेनात. "माझा कशाला? जानारी तू हायस," म्हणाले. शेवटी दादाने दंडाला धरून आत नेलं. मागे निळा पडदा, अंगात पांढरा शर्ट आणि चेहरा असा, की जणू मयताला आलेत. फोटोवाल्याने हसायला सांगितलं, तर आईनेच त्याला सुनावलं, पोरगी चाललीय आणि हसायचं कसलं? फिल्म धुऊन होईपर्यंत आम्ही थांबलो. फोटो दादाकडे राहिला, निगेटिव मी मागून घेतलं आणि पासपोर्टच्या पाकिटात सरकवलं. हे दोन हजार एक सालचं. नर्सेस हव्यात म्हणून तेव्हा तिकडून भराभर बोलावणी येत होती, त्यातलीच मी एक.

चार वर्षांनी बाबा गेले. दादाचा शहापूरहून फोन आला तेव्हा मी लीड्सच्या वॉर्डात कुणा दुसरीच्या वडिलांना गोळ्या देत होते. रजा, तिकीट करता करता मी आमच्या गावी, वैशाखऱ्याला पोचले तर दहावं उरकलं होतं. माझ्यासारखे जे गेलात, त्यांना हे समजावून सांगायला नको. जे राहिलात, त्यांनी आम्हाला कोरडं म्हटलं तरी माझं काही म्हणणं नाही. त्या दिवसापासून जो थकवा अंगात शिरला तो रजेने उतरत नाही.

मुरबाडचा तोच फोटो मोठा करून दादाने गावच्या घरी भिंतीवर लावला होता. बाबांचा धड असा एवढा एकच फोटो. समोर दार, दारातून दिवसभर ऊन, शेजारी चूल. दीड वर्षात त्यांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला, पडद्याचा निळा रंग उडाला. एकदा फोनवर म्हशीचं, भाताच्या आवणाचं सांगता सांगता आई मध्येच म्हणाली, "तुझं बाबा पुसाया लागलं गो."

ते वाक्य घेऊन मी दोन आठवडे ड्युटी केली. दुसरी रंगीत कॉपी पाठवली असती तर तीही पुसली असती. मग लायब्ररीच्या बोर्डावर एक कागद दिसला: हाताने फोटो छापायला शिका, दर शनिवारी. शिकवणारी मार्गारेट, रसायनशास्त्राची रिटायर्ड शिक्षिका. तिला मी पहिल्याच दिवशी विचारलं, न पुसणारा फोटो कशावर होतो?

सुरुवात तिने चांदीपासून केली. कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, वरून चांदीचं द्रावण फिरवायचं आणि निगेटिव ठेवून उन्हात धरायचा. त्या द्रावणाने माझी बोटं काळी पडली. वॉर्डातली सिस्टर रोज विचारायची, हात धुतलेस का. बाबा कागदावर आले, निगेटिवएवढेच छोटे, तपकिरी, छान. पण मार्गारेट म्हणाली की चांदीलाही धुराचं वावडं आहे. सोन्याच्या पाण्यातून काढली तर ती जास्त टिकते. तसंही केलं. आपल्याकडे माणूस जाताना त्याच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवतात. मला ते जमलं नव्हतं. बाबांचा चेहरा त्या सोन्याच्या पाण्यात हळूहळू जांभळट होत गेला तेव्हा मी मोरीवर ओणवून रडले. मार्गारेटने नळ बंद केला आणि चहा टाकायला गेली.

शेवटी प्लॅटिनम. ते चांदीसारखं काळवंडत नाही, उडत नाही. कागद आहे तोवर चित्र आहे, असं ती म्हणायची. यातही जेवढं निगेटिव तेवढाच फोटो उमटतो, म्हणून माझं छोटं निगेटिव कॉम्प्युटरवर मोठं करून पारदर्शक कागदावर घेतलं. द्रावण थेंब मोजून, ब्रशने कागदावर. ऊन म्हणाल तर आमच्या खळ्यावर मार्चमध्ये पाच मिनिटांत काम झालं असतं. लीड्सच्या उन्हाला भाकरीसुद्धा वाळत नाही, तिथे दिव्याखाली छापावं लागलं. आठवडाभर वॉर्डात उभं राहायचं आणि शनिवारी पुन्हा द्रावणाच्या ट्रेपाशी. अख्खा हिवाळा कागद डागाळत गेले. मार्च संपता संपता दोन बरे निघाले. काळे-करडे बाबा, कागदाच्या धाग्यांत मुरलेले. शर्टाची घडीसुद्धा दिसत होती.

एक माझ्याकडे ठेवला, दुसरा घेऊन घरी गेले. शहापूरच्या फ्रेमवाल्याला बजावलं, काच लावू नकोस. काचेमागे त्या कागदाचा जीव जातो असं मी तिकडे शिकले होते. दादाला तो फोटो विटलेलाच वाटला. चकाकी कशी नाही, म्हणाला. मी आईसमोर मोठ्या तोऱ्यात सांगितलं की याला काही होत नाही, आपण सगळे मेलो तरी बाबा असेच राहतील. शिकलेल्या पोरीचं आईने खरं मानलं.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीकडे पाहिलं. बाबांच्या कपाळावर अष्टगंधाचा लालसर डाग होता, रुपयाएवढा, भुवईपर्यंत पसरलेला. गालावरचा कागद ओल्या फडक्याने पुसून पुसून लव धरल्यासारखा झाला होता. आधीच्या फोटोची काच आई रोज पुसायची आणि वर गंधाचं बोट लावायची. इथे काच नव्हती. तिने नेम मोडला नाही, एवढंच.

मी ओरडले. अख्खा हिवाळा, काळी बोटं, सगळं एका दमात काढलं. आई म्हणाली, "तूच बोललीस ना, ह्याला काय होत नाय?"

मी कागदाबद्दल बोलले नव्हते, प्लॅटिनमबद्दल बोलले होते. पण हा फरक लीड्सचा. माझी मलाच लाज वाटली.

दुसरा फोटो मी सोबत आणला होता, दादाच्या शहापूरच्या घरी लावायचा म्हणून, पातळ कागदात गुंडाळलेला. तो काढून म्हटलं, हा घे, काच लावून देते, तो मी नेते. आईने दोन्ही शेजारी धरले. कोऱ्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. "ह्ये चांगलं हाईत," म्हणाली, "पन ह्यांना मी वळखत नाय. माझं ऱ्हाऊ दे." आणि जुना फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला.

घर कुठलं, असं तिकडे कुणी विचारलं की मी शहापूर-मुरबाडकडचं म्हणते, कुणाला काही कळत नाही, मग मुंबई म्हणते आणि विषय संपतो. त्या सकाळी मात्र मला कळलं की बाबा या घरात रोज आहेत. माझ्याकडे होते ते पेटीत, दोन वर्षांत त्यांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता. कोरा फोटो दादाला द्यायचा बेत मी सोडला. निघायच्या दिवशी तो आईपुढे ठेवला आणि म्हटलं, हा मी परत नेते, यांनाही गंध लाव.

आई गंध कालवता कालवता थांबली. "आन् तिकडं रोज कोन लावनार?"

मी म्हटलं, "मी." ड्युटीच्या वेळा, सकाळची घाई, सगळं डोळ्यासमोर असताना म्हटलं. आईला ते खरं वाटलं नसावं. तिने बोट फोटोला लावलं नाही. माझा उजवा हात ओढून घेतला, बोटाला गंध लावलं आणि म्हणाली, "मंग आजपासून लाव."

कपाळ नेमकं कुठे ते मला दिसेना. तिने माझं मनगट धरून बोट तिथवर नेलं.