जवानांच्या नावाचा ट्रक

संपतराव फौजेत सुभेदार होते, हे त्यांना सांगावं लागत नाही. चहाच्या टपरीवरही ताठ बसतात. रेशनचा तांदूळ परस्पर पळवला जाऊ लागला आणि आखाडा बाळापूरच्या नाक्यावर पोलिसांनी मदतीला माजी सैनिक मागितले, तेव्हा गावाने पहिलं नाव त्यांचंच घेतलं. सोबतीला पोलीस हवालदार नासेर.

एका दुपारी ट्रक आला. पुढे फलक, 'सीमेवरील जवानांसाठी धान्य'. आमच्याकडे जवानासाठी म्हटलं की घराघरातून पायलीभर ज्वारी निघते. नासेर ताडपत्री उचलायला गेला.

"ऱ्हाऊ द्या," संपतराव म्हणाले. "फौजेच्या ताटात हात घालून राहिले काय?"

आणि त्यांनी सलाम ठोकला. चोरांना सलाम! त्या महिन्यात गावच्या रेशन दुकानात तांदळाचा दाणा आला नाही, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मला राग संपतरावांचा नाही. फलक रंगवणाऱ्या हरामखोरांचा आहे. आम्ही कुठल्या नावाला मान तुकवतो, ते त्यांना बराबर ठाऊक होतं.

संपतराव कितीतरी दिवस टपरीवर फिरकले नाहीत. पुढे तोच फलक पुन्हा नाक्यावर आला, तेव्हा त्यांनी रस्त्यात बाज आडवी टाकली. नासेरने ताडपत्री ओढली. खाली सरकारी शिक्क्याची पोती. ड्रायव्हर पकडला, मालक सापडला नाही. तो कधी सापडतो?

गावाला वाटलं, आता तांदूळ मिळणार. पण पोती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गेली. पहाऱ्यावर पुन्हा हेच दोघे. पाऊस झाला, खालच्या पोत्यांना वास सुटला. कोर्टाचा हुकूम काही येईना.

मग मेंढरं राखून नातवंडं सांभाळणारी सिंधूबाई रिकामी पिशवी घेऊन फाटकाशी आली.

"तांदूळ घावला म्हणं. आमचाच हाय ना?"

"व्हय, तुमचाच," नासेर खाली बघत म्हणाला. "पर देता येत न्हाई, मावशी."

"मंग सडू काहून देऊन राहिले?"

नासेर संपतरावांकडे वळला. "संपतराव, त्यान्ला जरा मागं घ्या," एवढंच तो पुटपुटला.

संपतरावांनी हातातली काठी त्याच्यापुढे धरली. "चोरापासून राखाया आलतो मी. हिच्यापासून न्हाई. हिला तुमीच अडवा."

काठी नासेरच्या हातात देऊन ते फाटकाबाहेर आले आणि सिंधूबाईच्या शेजारी उभे राहिले.