घरचा पत्ता

मुलींच्या वसतिगृहात अधीक्षक असताना, पन्नाशीत मी डेटाबेस शिकायला बसले. टेबल कसं करायचं, रकान्याला नियम कसा लावायचा, हे कॉम्प्युटरच्या मॅडमनी दोनदा समजावलं, तेव्हा कुठे जमलं. ‘घरचा पत्ता’ भरल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही, हा नियम मीच लावला आणि स्वतःवर खूश झाले.

प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी आठवीतली सारिका समोर आली. मामा तिला फाटकापाशी सोडून गेला होता. मी पत्ता विचारला, तर तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

"आईबाबा कुठे असतात?"

"नाहीत, बाई."

"मग मामाचा लिहू?"

"नको. आता परत येऊ नकोस म्हणालाय."

मी रकाना कोरा ठेवून पाहिला. कॉम्प्युटर अडून बसला. नियम काढून टाकणं मला येत होतं, पण सारिका त्या कोऱ्या जागेकडे एकटक बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, इथलाच लिहा ना."

आजवर किती मुलींनी मला पत्ता सांगितला होता, आणि किती सहज!

मी वसतिगृहाचा पत्ता टाइप केला, अगदी पिनकोडसकट. नोंद झाली. सारिका मात्र जागची हलली नाही. तिचे ओठ पुटपुटत होते. ती तो पत्ता पाठ करत होती.