जिन्यावरून आलेलं पाणी

आंबिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये पुराचं पाणी शिरलं आणि जाताना पंपाची मोटार जाळून गेलं. नळ कोरडे पडले. तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात घोटाभर चिखल, आणि धुवायला तांब्याभर पाणी नाही! आम्ही वरच्यांनी काय केलं? आलेला थेंबही हुकू नये म्हणून नळाला पाइप जोडला, तो दारातल्या ड्रममध्ये सोडला आणि नळ उघडाच ठेवला. घरोघरी हीच अक्कल.

मोटार दुरुस्त झाली तेव्हा आम्ही सगळे खाली धावलो. मोटारीला हळदकुंकू, हार, नारळ! बटण दाबताच ती घुरघुरली, आणि आम्ही गणपती आल्यासारखे नाचलो. मी तर दिसेल त्याच्या तोंडात खोबरं कोंबत सुटले. ड्रम कोणाला आठवतोय?

बऱ्याच वेळाने जिन्यावरून पाणी खळाळत उतरलं. वरचे सगळे ड्रम भरून वाहत होते! काकूंच्या घरात पुन्हा पाणी. आता त्या आमची सालटी काढणार, म्हणून आम्ही नळ बंद करायला किंचाळत वर पळालो.

काकू मात्र पदर खोचून, खराटा घेऊन जिन्यापाशी उभ्या. पाणी स्वतःच्या दारात ओढत त्या ओरडल्या, "अगं, बंद काय करताय? अजून स्वयंपाकघर राहिलंय!"